शनिवारच्या कोऱ्या पावत्या

१

मालुबाईंनी गेल्या सहा महिन्यांच्या पावत्यांचा बिस्किटाचा डबा जमखान्यावर उपडा केला आणि जमलेल्या बायकांच्या तोंडून एकदमच निघालं, "अगं बाई!"

डब्यातल्या निम्म्या पावत्या कोऱ्या होत्या. पांढऱ्याफटक. ना दुकानाचं नाव, ना रक्कम, ना तारीख. बाकीच्या पावत्यांवर मात्र अक्षरं चांगली काळीभोर होती.

"नीलम, हे काय गं?" मालुबाईंनी एक कोरी चिठ्ठी दिव्यापुढं धरली. "पुसलीस व्हय?"

"मी कशाला पुसू, आक्का? मागं बघा की. तारीख, वार, कुणाकुणाचा जिन्नस, सगळं मी पेनानं लिहिलंय."

"मागं काय, कोणबी लिवतंय. पुढचं कुठं गेलं ते सांग."

नीलम सांगणार काय? तिला तरी कुठं ठाऊक होतं!

गोष्ट अशी होती. बेळगुंदीच्या त्या गल्लीत बावीस घरं, आणि त्या घरांतल्या बायकांचं एक मंडळ. नीलम त्यांच्यातली शिकलेली सून. बेळगावात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची आणि तिच्याजवळ क्रेडिट कार्ड होतं. किराण्याच्या खरेदीवर शंभराला पाच रुपये परत देणारं. वर्षापूर्वी तिनं युक्ती काढली, की बावीस घरांचा किराणा एकाच कार्डावर आणायचा, ज्याचे त्यानं पैसे वेळेवर द्यायचे आणि परत येणारा कॅशबॅक मंडळाचा. त्यातून मंडळाची स्वतःची मोठी भांडी घ्यायची. दर लग्नाला, दर जत्रेला शहरातनं भाड्यानं भांडी आणायची आणि परत करताना एक झारा कमी भरला म्हणून चार शब्द ऐकून घ्यायचे, ह्याला बायका विटल्या होत्या.

पहिले सहा महिने कॅशबॅक घड्याळासारखा आला. नीलमचा हुरूप वाढला. तिनं निपाणीच्या भरमाशेठकडं दोन काहिली, चार पातेली आणि दोन पराती सांगून टाकल्या. उरलेले अठरा हजार येत्या सहा महिन्यांत कॅशबॅकमधून येणारच, असं छातीठोक सांगितलं. बँक काय तिच्या मामाची होती? पण माणूस एकदा धरून चालला की चालतोच.

आले पाच हजार. तेरा हजार गायब.

"भरमाशेठचा फोन आलता," मालुबाई म्हणाल्या. त्या मंडळाच्या खजिनदार, आणि तोंडानं फटकळ. "रविवारपातूर पैसे न्हाय दिले तर भांडी कोल्हापूरच्या केटरर्सला देणार म्हणाला. आज गुरुवार. रविवारी समद्यांच्या म्होरं सांग तेरा हजार कुणी खाल्ले ते. न्हायतर आमी समजायचं ते समजतो."

बायका उठून गेल्या. नीलमची सासू जयाबाई चुलीपाशी बसून होती. तिनं सुनेकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "नीलम, खरं सांग गं. तुझ्या हातनं काय झालं न्हाय न्हवं?"

मालुबाईंचं बोलणं नीलमला झोंबलं होतंच, पण हा प्रश्न काळजात घुसला.

२

"रवळूअण्णाला बोलीव," रडं आवरल्यावर जयाबाईच म्हणाली.

रवळूअण्णा म्हणजे शेजारचे. बेळगाव–निपाणी गाडीवर एकतीस वर्षं कंडक्टर. ज्याच्याकडं तिकीट नाही त्याच्या चेहऱ्यावरच ते दिसतं, असं ते म्हणायचे. गावात कुणाची कोंबडी हरवली तरी आधी त्यांच्या दारात लोक यायचे. अण्णा आले, चहाला नाही म्हणाले नाहीत, आणि पावत्यांसमोर मांडी घालून बसले.

"बँकेला इचारलंस?"

"तीनदा फोन केला. कॅशबॅक का आला नाही म्हटलं, तर एकच पालुपद. नियम व अटींनुसार कॅशबॅकमध्ये कधीही बदल होऊ शकतो."

"ते खरंच हाय की. बँक उद्या बंद बी करंल. पण पोरी, बंद केला असता तर समदाच केला असता. हे पाच हजार कसं आलं मग?" अण्णांनी चष्मा चढवला. "आणि दुसरं. हा कॅशबॅक मिळतोय कुणाला?"

"कार्डातच जमा होतो. माझ्याच."

"म्हंजे दोनच वाटा. एक तर तो आला आणि तू खाल्लास. न्हायतर तो आलाच न्हाय. मधल्यामधी चोरायला त्यो काय कुणाच्या खिशातनं जातोय व्हय?"

जयाबाईनं मान वर केली. नीलमला जरा धीर आला.

अण्णांनी एक कोरी पावती घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. मग एक काळी अक्षरंवाली घेतली. आणि खुदकन हसले.

"आमच्या तिकिटाच्या मशीनला एक वरीस डेपोनं स्वस्तातला कागद आणला. पासिंजर निपाणीत चढला की तिकीट काळं, बेळगावात उतरला की कोरं! चेकिंगवाला म्हणतोय तिकीट कुठाय, पासिंजर म्हणतोय हे काय हातात हाय. लई भांडणं. ह्यो बघ, त्योच कागद. पातळ. ही अक्षरं कुणी पुसली न्हाईत, आपसूक उडाल्यात."

"मग बाकीच्या का नाही उडाल्या? दुकान एकच, खडेबाजारातलं मंगल किराणा. डबा एकच."

"शाणी हायस! त्योच प्रश्न हाय." अण्णांनी पावत्या उलट्या करून मागचं लिखाण वाचायला सुरुवात केली. एक ढीग डावीकडं, एक उजवीकडं. एकोणीस काळ्या, सोळा कोऱ्या. काळ्यांच्या मागं नीलमच्या अक्षरात मंगळवार, मंगळवार, मंगळवार. दवाखाना सुटल्यावर ती स्वतः जाऊन आणायची तो वार.

कोऱ्या सोळाच्या सोळा शनिवारच्या.

"शनवारी कार्ड कुणाकडं असतंय गं?"

नीलमनं जयाबाईकडं पाहिलं. जयाबाईनं कपबशी खाली ठेवली. शनिवार बाजाराचा दिवस, मोठी खरेदी. दिवाळीपासून त्या दिवशी टेम्पो घेऊन कोण जातं, हे त्या घरात लहान मूलही सांगू शकलं असतं. जयाबाईचा धाकटा मुलगा, नीलमचा दीर साईराज.

कॅशबॅक वाटेत चोरता येत नव्हता, पण कार्डावर किराण्याऐवजी दुसरं काही घेता येत होतं, आणि साईराजनं गेल्याच महिन्यात नवाकोरा मोबाईल घेतला होता.

३

"वहिनी, तुझा बी माझ्यावर वहिम?"

शुक्रवारी सकाळी साईराज टेम्पो पुसत होता. हातातला फडका त्यानं बॉनेटवर आपटला. नीलमला त्याच्याकडं बघवेना. लग्न होऊन आली तेव्हा हा दहावीत होता, तिनंच त्याचं गणित करून घेतलं होतं.

"मोबाईल हप्त्यावर हाय. भाड्यातनं फेडतोय. कागद दावू?"

"कागद नको," अण्णा म्हणाले. "कुणी चोर म्हणालंय का तुला? मी इचारतो तेवढं आठवून सांग. कार्डाचा गुप्त आकडा, त्यो पिन, तुला ठाऊक हाय?"

"कार्डाच्या पाकिटावर लिवलाय की. समद्या गल्लीला ठाऊक हाय."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "शाबास रं माझ्या वाघांनो! बरं, शनवारी गल्ल्यावर कोण असतंय?"

"आशिषदादा. श्रीपादकाकांचा पुतण्या. काका शनवारी न्हाईत, त्यांचा उपास. मारुतीच्या देवळात जाऊन बसतात दुपारपातूर."

"आणि कार्ड घासायचं मशीन? गल्ल्यावरच असतंय?"

साईराजनं डोकं खाजवलं. "वरचं एक असतंय. पण ते चार्जिंगला हाय म्हणतोय दादा. खालच्या खणातनं दुसरं काढतोय."

"दर शनवारी चार्जिंगला?"

"व्हय. आता तुमी म्हणताय तर... दर शनवारी."

अण्णा नीलमकडं वळून म्हणाले, "दुपारी सुट्टीत खडेबाजारात जा. काय घेऊ नको. श्रीपादशेठांशी नुसतं बोलून ये."

नीलम गेली. श्रीपादकाका जुन्या वळणाचे गृहस्थ. पांढरा सदरा, कपाळाला अंगारा, आणि गिऱ्हाईक बसल्याशिवाय स्वतः बसायचे नाहीत.

"या नीलमताई! आज शुक्रवारी कशा वाट चुकलात? बरं झालं आलात. पुढच्या महिन्यापासून दुसरं दुकान बघा. मी हे विकतोय."

"विकताय? काका, चाळीस वर्षांचं दुकान!"

"एक्केचाळीस. पण चालत नाही हो. मंगळवारचा धंदा बरा असतो, आणि शनिवारी बाजाराचा दिवस असून गल्ला हलका. माल जातो, पैसा दिसत नाही. माझंच वय झालं, कुठं चुकतं ते कळेना. आशिष म्हणतो, काका, विकून मोकळे व्हा. गिऱ्हाईकही त्यानंच आणलंय." काकांनी मागच्या फळ्यांवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते.

नीलमनं हे सगळं संध्याकाळी अण्णांना जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी ऐकून घेतलं आणि तिला मोबाईल उघडायला लावला.

"बँकेच्या यादीत मंगळवारच्या खरेदीपुढं नाव काय?"

"मंगल किराणा."

"शनवारच्या?"

"ए. एस. एंटरप्रायझेस. पण अण्णा, दुकानाचं नाव एक आणि मोबाईलवर दुसरंच, हे हल्ली सगळीकडंच असतं. पानवाल्याला पैसे पाठवले तरी त्याच्या मेव्हण्याचं नाव येतं. म्हणून मी कधी लक्षच दिलं नाही."

"आता दे. बँकेला फोन लाव. कॅशबॅक का बंद, हे इचारू नको. त्ये तेच पुराण वाचतील. ए. एस.चा धंदा कसला लिवलाय, तेवढंच इचार."

फोन लागला. पलीकडच्या मुलीनं दोन मिनिटं थांबायला सांगितलं आणि मग गोड आवाजात म्हणाली, "मॅडम, हे सर्व व्यवहार प्रवास या प्रकारात नोंदलेले आहेत. कॅशबॅक फक्त किराण्यावर आहे."

नीलमनं फोन खाली ठेवला. प्रवास? बावीस घरांचा तांदूळ, डाळ, गूळ, शेंगदाणे सहा महिने कुठल्या गावाला चालले होते?

४

शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला खडेबाजार माणसांनी फुलला होता. नीलम आणि अण्णा मंगल किराण्यात शिरले. गल्ल्यावर आशिष होता. तिशीचा, केसांना तेल, बोलायला लाघवी.

"या वहिनी! आज साईराज नाही?"

"टेम्पोचं काम निघालं," नीलम म्हणाली. पन्नास किलो तांदूळ, वीस किलो तूरडाळ, तेलाचे डबे. तिनं यादी दिली. आशिषनं सामान काढायला सांगितलं, बिल केलं. काळं मशीन गल्ल्यावर समोरच होतं. त्याचा हात मात्र खालच्या खणात गेला आणि निळं मशीन वर आलं.

"वरचं चार्जिंगला आहे," तो आपणहून म्हणाला.

"असू दे की," अण्णा म्हणाले.

कार्ड घासलं. कर्र करत पावती बाहेर आली. नीलमनं ती हातात घेतली. पातळ कागद.

नेमक्या त्याच वेळी दारात साईराज उभा राहिला आणि त्याच्या मागून श्रीपादकाका आत आले. हातात नारळाची वाटी, कपाळाला शेंदूर. साईराजनं त्यांना देवळातून "दुकानात तातडीचं काम हाय" एवढंच सांगून आणलं होतं.

आशिषचा चेहरा क्षणभर उतरला, पण गडी सावरला. "काका, तुम्ही कशाला आलात? उपास ना तुमचा?"

"श्रीपादशेठ," अण्णा हात जोडून म्हणाले, "मी रवळू, बेळगुंदीचा. एकतीस वर्षं चेकिंगवाले गाडीत चढायचे, माझी पिशवी उपडी करायचे आणि तिकिटाशी पैसे मिळवून बघायचे. आज एकदा मला चेकिंग करू द्या. तुमच्या काळ्या मशीनवर आजचा हिशोब काढा."

काकांना काही उमगेना, पण त्यांनी बटण दाबलं. चार्जिंगला असलेलं मशीन खटकन चालू झालं आणि लांबलचक कागद बाहेर आला. काकांनी चष्मा लावून वाचला.

"सकाळपासून दोन बिलं. साडेतीनशे आणि सहाशे वीस."

"नीलम, तुझी पावती दे त्यांना."

"अकरा हजार चारशे." काकांनी पावती वाचली, पुन्हा हिशोब वाचला. "हे ह्यात नाही. आशिष, हे ह्यात का नाही?"

५

तराजूवरचा गडीसुद्धा हात थांबवून बघत राहिला.

"ते दुसरं मशीन पण आपलंच आहे, काका," आशिष म्हणाला. "नेटवर्कचा त्रास होतो म्हणून ठेवलंय."

"आपलं?" अण्णा शांतपणे म्हणाले. "मग त्याचे पैसे शेठांच्या खात्यात दावा की. ए. एस. म्हंजे कोण? सकाळीच बाजारात चौकशी केली मी. खडेबाजारात तुझं तिकिटं बुक करायचं ऑफिस हुतं, न्हवं? दिवाळीआधी बंद पडलं. ऑफिस गेलं, मशीन ऱ्हायलं. दिवाळीपासून शेठ देवळात बसले की हितला माल जातोय आणि पैसा तुझ्या खात्यात. मंगळवारी शेठ हितं असतात, म्हणून मंगळवारचा गल्ला बरोबर. शनवारी माल गेला, पैसा न्हाय, आणि शेठ बिचारे म्हणतात माझं वय झालं!"

"पुरावा काय?" आशिषचा आवाज चढला. "कुणी कंडक्टर येऊन काहीबाही बोलणार आणि तुम्ही ऐकून घेणार?"

आता नीलम पुढं झाली. दोन दिवस गिळलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "पुरावा माझ्याकडं आहे! सोळा शनिवार, सोळा खरेद्या, बँकेच्या यादीत तारखेनिशी, पैशानिशी. तुम्ही काकांना फसवलंत, काकांना कळलं नाही. गड्यांना फसवलंत, त्यांना कळलं नाही. पण तुमचं मशीन प्रवासाच्या धंद्याचं होतं आणि आमचं कार्ड किराण्यालाच पैसे परत देतं. बँकेनं माझे तेरा हजार अडवले तिथं तुम्ही सापडलात. तेरा हजारांपायी मला गल्लीनं चोर म्हटलंय, दादा. सासूनं मला विचारलंय, तुझ्या हातनं काही झालं नाही ना!"

आशिष खाली बसला. ऑफिसात पैसे बुडाले होते, फेडायचे होते, मग परत करणारच होतो, हळूहळू करणार होतो. त्याचं पुढचं कुणी नीट ऐकलं नाही.

श्रीपादकाका गल्ल्यापाशी आले आणि हात पुढं केला. "किल्ल्या."

आशिषनं किल्ल्या दिल्या.

"दुकान विकत नाही मी," काका म्हणाले. "तुझ्या गिऱ्हाइकाला सांग, श्रीपाद अजून म्हातारा झालेला नाही. पैशाचं सोमवारी वकिलासमोर बोलू. आता ऊठ आणि ताईंची माफी माग."

६

रविवारी मालुबाईंच्या अंगणात बावीस घरच्या बायका जमल्या. नीलम उठून बोलणार इतक्यात फटफटीवरून श्रीपादकाका उतरले, आणि बेळगुंदीच्या त्या अंगणात, चटईवर मांडी घालून, त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. घरातल्या माणसाची चोरी चारचौघांत सांगणं सोपं नसतं, पण काकांनी एक अक्षर लपवलं नाही.

"तुमचे तेरा हजार माझ्या दुकानात बुडाले, म्हणून ते मी देणार," त्यांनी पाकीट पुढं ठेवलं. "दान नव्हे, तुमच्या हक्काचे. ह्या मुलीनं पावत्या जपून ठेवल्या नसत्या, तर मी माझं दुकान विकून घरी बसलो असतो."

मालुबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं आता काहीतरी कडू निघणार. त्या नीलमपुढं आल्या आणि फटकळ बाईच ती, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "मी तुला चोर म्हणाले. समद्यांच्या म्होरं म्हणाले, म्हणून समद्यांच्या म्होरं सांगते. चुकलं माझं!"

जयाबाई पदरानं डोळे पुसत पुढं आली आणि सुनेला तिनं असं आवळून धरलं, की नीलमला श्वास घेता येईना.

साईराज संध्याकाळी निपाणीहून भांडी घेऊन आला. वेशीपासून हलगी! काहिलीला हार, पातेल्यांना हळदकुंकू, पोरांनी पराती डोक्यावर घेतलेल्या. रवळूअण्णांना बायकांनी टेम्पोत पुढच्या सीटवर बसवलं. एकतीस वर्षांत बसायला जागा पहिल्यांदाच मिळाली, असं ते ओरडून सांगत होते आणि हलगीत कुणाला ऐकू येत नव्हतं. त्या हंगामात मंडळानं स्वतःच्या भांड्यांत चार लग्नं केली आणि शेजारच्या गावांना भाड्यानं दिली ती निराळी.

तीन महिन्यांनी मंडळाच्या बैठकीत नीलमच्या मोबाईलवर बँकेचा निरोप आला. तिनं तो वाचला आणि तिचा चेहरा पडला. मग मान वर करून तिनं सरळ सांगून टाकलं, "बायांनो, पुढच्या एक तारखेपासून शंभराला पाच नाहीत. एकच रुपया. ह्या वेळी बँकेनंच खरोखर कमी केलंय."

पावत्यांचा डबा कोपऱ्यात होता, मोबाईल तिच्या हातात होता, पण कुणी डबा उघडला नाही की मोबाईल मागितला नाही. मालुबाईंनी नवी वही उघडली, चष्मा नाकावर सरकवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे गं, बँकेचं त्ये बँकेला. म्हैन्याला वर्गणी किती ठेवायची ती तूच सांग. तू म्हणशील ती."

बावीस हात वर गेले. नीलमनं अजून आकडा सांगितलासुद्धा नव्हता.